सामाईक फोल्डर

आमच्या घरच्या नेटवर्कवर ‘सामाईक’ नावाचा एक फोल्डर आहे. नाव बाबांनी दिलं. मी आधी ‘मीडिया’ ठेवलं होतं, तर ते म्हणाले, मीडिया म्हणजे टीव्हीवर भांडणारी माणसं. सांगलीच्या गावभागात जुन्या घरांना सामाईक भिंत असते, सामाईक बोळ असतो, कधीकाळी सामाईक आड असायचा आणि यातल्या एकावरून तरी कोर्टात दावा चाललेला असतो. बाबांनी एवढा विचार करून नाव दिलं असेल असं नाही. पण नाव अगदी बरोबर निघालं.

हा फोल्डर राहतो वरच्या मजल्यावर, माझ्या कॉलेजातल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक काळं खोकं दिवसरात्र घुंई घुंई करत असतं. तिथून तो चार ठिकाणी उघडतो: हॉलमधल्या बाबांच्या कम्प्युटरवर, माझ्या लॅपटॉपवर, आईच्या टॅब्लेटवर आणि ताई शनिवारी पुण्याहून आली की तिच्या मॅकवर. शिवाय टीव्ही. गाणी, फोटो, सिनेमे, सगळं एकाच जागी; प्रत्येकाच्या यंत्रात वेगळी प्रत नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांना हा सगळा खटाटोप कशाला, असं वाटेल. गाणी ॲपवर आहेत, सिनेमे ॲपवर आहेत, फोटो क्लाउडवर आहेत. खरंय. पण बाबांनी 1980च्या दशकात आकाशवाणीवरून टेप करून घेतलेली नाट्यपदं कुठल्याच ॲपवर नाहीत.

ऑगस्ट 2019मध्ये कृष्णेला पूर आला. आमच्याकडे पूर फुटांत मोजतात, आयर्विन पुलापाशी. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आम्ही गॅसची टाकी, कागदपत्रं आणि आईचं शिलाई मशिन वर नेलं. खालच्या खोलीत फडताळात 212 कॅसेट होत्या आणि पत्र्याच्या ट्रंकेत फोटोंचे अल्बम. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर सगळ्यावर एकच रंग होता, चहात बुडवलेल्या बिस्किटाचा. अल्बमची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. ताईच्या लग्नाचा जाडजूड करिझ्मा अल्बमही त्यातच गेला. तो उघडायचा प्रयत्न करताना आई रडली. ताई नाही.

कॅसेटचं मात्र एक बरं असतं. फीत पॉलिएस्टरची असते, ती पाण्याला फारशी भीत नाही. भीती असते चिखलाची आणि बुरशीची. स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडायची, फीत स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत वाळवायची आणि दुसऱ्या, कोरड्या कवचात बसवायची. चिकटवलेलं कवच असेल तर ते फोडायचं. बाबांनी आणि मी पाच महिने हे केलं. 212 पैकी 131 वाचल्या. लेबलं एकाही कॅसेटवर उरली नव्हती, पण बाबांची वही माळ्यावर होती. दोनशे पानी, रेघांची. प्रत्येक कॅसेटला क्रमांक, बाजू अ, बाजू ब, कोण गातंय, कुठल्या नाटकातलं, कुठला राग, कोणत्या तारखेला टेप केलं. ती वही नसती तर आमच्याकडे 131 निनावी आवाज उरले असते.

मग लॉकडाउन आला आणि कॅसेट कम्प्युटरवर घ्यायला वेळच वेळ मिळाला. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते, तिला घाई नसते. एक मिनिट आवाज साध्या वेव्ह फाइलमध्ये साधारण दहा एमबी घेतो, म्हणजे तासाला सहाशे. फ्लॅकमध्ये दाबला तर जवळजवळ निम्मा होतो आणि आवाजातलं काही जात नाही. या हिशोबाने बाबांचं आयुष्यभराचं ऐकणं एका स्वस्त डिस्कच्या कोपऱ्यात मावलं. त्यांना ते जरा लागलं असावं. “एवढंच?” म्हणाले.

आता हे घरातल्या सगळ्यांपर्यंत पोचवायचं कसं? पेन ड्राइव्ह फिरवणं हा आपला राष्ट्रीय मार्ग. तो आम्ही दोन महिने अवलंबला आणि चार यंत्रांवर ‘नवीन’, ‘नवीन 2’ आणि ‘नवीन फायनल’ असे फोल्डर जमले. त्यातला खरा कुठला ते कुणालाच कळेना. मूळ प्रत एकच हवी, बाकीच्यांनी ती तिथूनच वाचावी, हे तेव्हा पटलं.

ही कल्पना काही नवी नाही. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये आम्ही डीसी प्लस प्लसवर हेच करायचो. फरक इतकाच की तिथे अमुक इतके जीबी शेअर केल्याशिवाय हबमध्ये प्रवेशच नसायचा. कंपन्यांनीही घराचा विचार करून पाहिला. 2003मध्ये आयट्यून्सने एका कम्प्युटरवरची गाणी दुसऱ्यावर ऐकायची सोय दिली. त्याच वर्षी टीव्ही आणि कम्प्युटर यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून बड्या कंपन्यांनी एक संघटना काढली, तिचं नाव पुढे डीएलएनए झालं. 2009मध्ये विंडोज सेव्हनबरोबर होमग्रुप आला. होमग्रुप 2018मध्ये विंडोजमधून काढून टाकला गेला, डीएलएनए संघटना 2017मध्ये बरखास्त झाली. माझं मत विचाराल तर यामागे तंत्राची अडचण कमी आणि धंद्याची जास्त आहे. एका माणसाला एक खातं, एक फोन, एक वर्गणी विकता येते. चार माणसं एकाच कपाटातून घेतात म्हटल्यावर चौथ्याला काय विकणार?

त्यामुळे आता हे काम हौशी लोकांच्या फुकट सॉफ्टवेअरवर चालतं. माझ्या खोक्यात लिनक्स आहे. त्यावर सांबा आहे, म्हणजे लिनक्सवरचा फोल्डर विंडोज आणि मॅकला आपलाच वाटेल अशी व्यवस्था. आणि गाणी-सिनेमे पोस्टरांसकट नीट मांडून दाखवायला जेलिफिन. एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरने आपला कोड बंद केला तेव्हा, 2018च्या डिसेंबरात, काही लोकांनी जुना खुला कोड घेऊन वेगळी चूल मांडली, ती ही जेलिफिन.

आमच्या घराच्या भिंती मातीच्या, दीड-दोन फूट जाड. वायफाय त्यांच्यापुढे हात टेकतं. म्हणून जिन्याच्या कडेने वायर टाकून घेतली. टाकणाऱ्याने आठपैकी चारच तारा जोडल्या; “सगळ्या लागत नाहीत,” म्हणाला. चार तारांवर वेग शंभर एमबीपीएसवर अडतो, हजाराला आठही लागतात. पण सिनेमाला आठ-दहा एमबीपीएस पुरतात, त्यामुळे त्याचं म्हणणं आमच्यापुरतं खोटं नव्हतं. कधी कधी आईच्या टॅब्लेटवर व्हिडिओ अडखळतो, त्याचं कारण वायर नसतंच. टॅब्लेटला तो ज्या पद्धतीने दाबलाय ती भाषा येत नाही, मग वरचं खोकं दुभाष्याचं काम करतं, चालू असतानाच भाषांतर. म्हातारा दुभाषा, त्याला दम लागतो.

खरी गंमत नावांची आहे. ही सगळी सॉफ्टवेअर गृहीत धरतात की गाण्याला एक कलाकार असतो आणि तो एका अल्बममध्ये असतो. नाट्यपदाला गायक असतो, नाटक असतं, नाटककार असतो, चाल देणारा असतो, राग असतो आणि अल्बम नसतो. 1843मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीतास्वयंवर’ केलं त्या गावात नाटकाला रकाना नाही म्हणजे काय! बाबांनी वहीच्या बाजूने निकाल दिला. अल्बम म्हणजे कॅसेट. ‘कॅसेट 047’, ‘कॅसेट 112’. आणि एका कॅसेटमधली वेगवेगळ्या गायकांची पदं विखरू नयेत म्हणून ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात सगळीकडे एकच नाव लागतं, तिथे मी बाबांचं टाकलं. गात ते बाथरूममध्येही नाहीत. पण त्या क्रमाने, त्या संध्याकाळी, बटण त्यांनीच दाबलं होतं.

सिनेमांचं तर विचारूच नका. बाबांनी विकत घेतलेल्या ‘सामना’, ‘सिंहासन’ वगैरेंच्या व्हीसीडी होत्या, एका सिनेमाच्या दोन चकत्या. त्या उतरवून घेतल्या, तर ‘सामना’ला कुठल्याशा परक्या मारधाडपटाचं पोस्टर चिकटलं. ‘कोर्ट’ला तर नेट तीन वेळा वेगळं. हे हाताने सुधारावं लागतं.

आणि देवनागरीत नावं द्यायची तर आणखी एक घोळ. लिनक्सवर फाइलच्या नावाला 255 बाइटांची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट, आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार, सगळे वेगळे मोजून. म्हणजे 85 चिन्हांत आटपा. वहीतल्या बाबांच्या नोंदी त्याहून लांब. त्याहून मजेशीर म्हणजे आईच्या माहेरचा, सावंतवाडीकडचा एक फोल्डर. त्याचं नाव ‘गाऱ्हाणं’. माझ्याकडून एक आला, ताईच्या जुन्या मॅकवरून एक आला आणि दोन्ही शेजारी शेजारी बसले. “एकाच नावाची दोन कशी राहतील?” बाबा. नाव एक नव्हतंच. माझ्या ‘ऱ’चा एक कोड होता, मॅकने तोच ‘र’ आणि खाली नुक्ता असा फोडून साठवला होता. डोळ्याला एक, यंत्राला दोन. दोन्हीकडचे व्हिडिओ एकत्र करायला एक रविवार गेला.

एवढं होईपर्यंत 2021च्या जुलैत पाणी पुन्हा आलं आणि गेलं. खोकं वर होतं. काही झालं नाही.

घडलं ते पुढच्या वर्षी, मे महिन्यात. बाबांनी टीव्हीला स्क्रीनसेव्हर लावला. पाच मिनिटं कुणी रिमोटला हात लावला नाही की टीव्ही ‘सामाईक’मधल्या फोटोंतून वाटेल ते उचलून दाखवायचा. फोटो सगळे तिथेच होते. पूर येऊन गेल्यावर आईने घरात सापडेल तो पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, सीडी माझ्याकडे आणून दिली होती, त्यात 2016 साली फोटोग्राफरने दिलेला ताईच्या लग्नाचा पेन ड्राइव्हही. 1412 फोटो. 2020मध्ये ताईचा घटस्फोट झाला. परस्परसंमतीने, आरडाओरडा न होता. ती त्याविषयी आमच्याशी बोलत नाही, आम्हीही विचारत नाही.

शनिवार होता. ताई चहाचा कप घेऊन उभी होती आणि टीव्हीवर अंतरपाट दिसला. मग सप्तपदी. मग सुलग्न. प्रत्येक फोटो आठ सेकंद. बाबांना रिमोट सापडेना. ताईने कप खाली ठेवला आणि टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद केलं.

रात्री ती वर आली. “ते काढून टाक.”

मी म्हटलं, टीव्हीला दिसणार नाहीत असं करतो.

“टीव्हीचं नाही म्हणत. काढून टाक म्हणते.”

आई जिन्यात होती. “त्यात माझी आई आहे,” एवढंच म्हणाली.

आजी 2018मध्ये गेली. सावंतवाडीहून ती आमच्याकडे शेवटची आली ती त्या लग्नाला. तिचे बाकीचे फोटो म्हणजे आधार कार्ड आणि कुणाच्या तरी मुंजीत तिसऱ्या रांगेत. या 1412मध्ये मात्र ती सगळीकडे आहे, नऊवारीत, कार्यालयाच्या स्वयंपाकघरात आचाऱ्याला काहीतरी सुनावताना, पंगतीत वाढताना.

अल्बम असता तर हा प्रश्न आला नसता. अल्बम ट्रंकेत तळाशी जातो, ट्रंक माळ्यावर जाते. कुणाला बघायचा असेल तो दुपारी सगळे झोपल्यावर काढून बघतो. त्याच्या चार प्रतीही असू शकतात, एक सासरी, एक माहेरी. पुसायचं की ठेवायचं असं कुणी कुणाला विचारत नाही. आमची प्रत आता एकच होती, सगळ्यांची होती आणि तिच्यावर हक्क चालवायची ताकद फक्त माझ्याकडे होती. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यात ‘कर्ता’ असतो. लिनक्सवर त्याला रूट म्हणतात. कुणाला काय दिसावं, कुणाला बदलता यावं, कुणाला नुसतं वाचता यावं, सगळं तो ठरवतो आणि त्याच्यापासून काहीच लपत नाही. घरातलं सर्वांत धाकटं माणूस मी. हे पद मला मिळालं ते फक्त पासवर्ड मी टाकला म्हणून.

या पदाची चव मला तोवर थोडी कळली होती. जेलिफिनच्या डॅशबोर्डवर दिसतं, कोण, कुठल्या यंत्रावर, काय, किती वाजता. एक-दोनदा बघितलं: आई, टॅब्लेट, कॅसेट 112, पहाटे 3.52. दुसऱ्या रात्री 3.40. सकाळी मी तिला विचारलं, झोप झाली का. म्हणाली, झाली की. तेव्हापासून काही बिघडल्याशिवाय मी ते पान उघडत नाही.

ताईला मी सांगितलं, की पुसणं माझ्याने होणार नाही. तिच्या नावाचा फोल्डर करतो, तो तिलाच दिसेल.

“आणि तुला?”

मला दिसणार. रूटला दिसतंच, परवानग्या त्याला लागू नाहीत. रूटपासून लपवायचं तर फोल्डर कुलूपबंद करावा लागतो, एनक्रिप्ट, आणि किल्ली जिची तिच्याकडे. तिने ती विसरली तर कुणीही उघडू शकत नाही, मीही नाही.

“तसं कर,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “आजीचे मी काढून देते. तू नको बघूस.”

दोन शनिवार ती वर बसली. खाली हॉलमध्ये बाबा कुठली तरी कॅसेट लावून बसायचे, आवाज नेहमीपेक्षा मोठा. दुसऱ्या शनिवारी रात्री ‘सामाईक’मध्ये ‘आजी’ नावाचा फोल्डर आला, 37 फोटो. मी आणि आईने ते एकत्रच पाहिले. एकात आजी पानावर वाकून जिलबी वाढतेय आणि पान पुढे सरकवणारा एक हात कडेला आलाय, मनगटापर्यंत, लाल धागा बांधलेला. हात कुणाचा ते आम्हाला दोघांनाही कळलं. कापून टाकता आला असता. ताईने ठेवला होता.

“बाकीचे पुसले नाहीस ना?” आईने फोनवर विचारलं. ताई नाही म्हणाली असावी, कारण आई “मग ठीक” म्हणाली आणि भाजीचं विचारायला लागली. ते 1375 फोटो वरच्या खोक्यात आहेत. मला एक मोठी फाइल दिसते, तिच्या आत काय आहे ते दिसत नाही. ती आहे, आणि किती जागा खाते, एवढंच कळतं.

सगळ्याची आणखी एक प्रत आता पुण्यात असते, ताईच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. डिस्क दोन आहेत. गणपतीला आणि दिवाळीला येताना ती एक घेऊन येते, दुसरी घेऊन जाते. एकाच खोक्यात दोन डिस्क ठेवणं पुराला पुरत नाही. पाणी आलं तर दोन्हीवर येतं. गेल्या दिवाळीत तिने डिस्क पिशवीत टाकता टाकता विचारलं, “तुला काही झालं तर हे उघडणार कोण?”

बाबांना मी विचारलं, पासवर्ड सांगून ठेवू का. ते म्हणाले, सांगू नको, विसरीन, लिहून दे. मी कागद शोधत होतो तर त्यांनी वहीच पुढे केली, शेवटच्या नोंदीखालची रेघ दाखवत. मी लिहिला. त्यांनी चश्मा लावून तो एकदा वाचला, स्पेलिंग विचारून घेतलं, तारीख टाकली आणि डावीकडे समासात क्रमांक घातला: 213.